सत्ताविसावा कॉफीला गेला तेव्हा

१४ डिसेंबर २०२३. ब्रसेल्समध्ये युरोपीय महासंघाच्या सत्तावीस देशांचे प्रमुख बसले होते. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, एवढाच प्रश्न, पण हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान काही केल्या हलेनात. अखेर जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी त्यांना सुचवले, आपण जरा बाहेर जाऊन कॉफी घ्यावी. ऑर्बान उठून गेले आणि मागे राहिलेल्या सव्वीस जणांनी ठराव मंजूर करून टाकला. नियम एकमताचा असला तरी गैरहजेरी म्हणजे काही विरोध नव्हे! परत आल्यावर त्याच रात्री ऑर्बान यांनी युक्रेनची ५० अब्ज युरोंची मदत अडवली, हा पुढचा अंक.

या प्रसंगावर बरेच विनोद झाले. मला मात्र त्यात महासंघाच्या सुरक्षा धोरणाची सगळी रीत दिसते. कागद आधी कार्यगटात जातो, मग राजकीय व सुरक्षा समितीत सत्तावीस राजदूत त्याचा कीस काढतात, मग तो मंत्र्यांपुढे येतो. शब्द बोथट होत होत सगळ्यांना चालेल असे काहीतरी उरते. तरीही एखादा अडून बसला की पळवाट शोधायची.

या एकमताच्या आग्रहाचे मूळ जुने आहे. फ्रान्सचे पंतप्रधान रेने प्लेव्हां यांनी १९५० मध्ये सामायिक युरोपीय सैन्याची कल्पना मांडली. मे १९५२ मध्ये सहा देशांनी तहावर सह्या केल्या. ३० ऑगस्ट १९५४ रोजी तो बुडवला तो फ्रान्सच्याच संसदेने, ३१९ विरुद्ध २६४ मतांनी. तेही थेट तहावर मतदान न घेता, चर्चाच पुढे न नेण्याचा ठराव करून. आपला जवान कोणाच्या हुकमाने मरणार, या प्रश्नापुढे कल्पनेचा जनकच बिचकला. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी ‘नाटो’त गेली आणि युरोपच्या रक्षणाचा भार अमेरिकेच्या खांद्यावर राहिला तो राहिलाच.

पैशाचेही तेच. लष्करी मोहिमांचा खर्च महासंघाच्या अर्थसंकल्पातून करायचा नाही, असे मूळ करारातच लिहिले आहे. म्हणून २०२१ मध्ये अर्थसंकल्पाबाहेर एक वेगळी थैली शिवली. नाव ‘युरोपीय शांतता निधी’. (युक्रेनला शस्त्रे गेली ती या शांततेतून.) फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिले ५० कोटी युरो मंजूर झाले, तेव्हा तटस्थ ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा यांनी प्राणघातक शस्त्रांच्या वाट्यापुरते अंग काढून घेतले, पण निर्णय अडवला नाही. करारात तशी सोय आहे आणि ती शहाणपणाची आहे.

अडवणूक याहून वेगळी. २०२० मध्ये बेलारूसमध्ये निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर मार खात होते. तिथल्या सत्ताधाऱ्यांवरचे निर्बंध सायप्रसने कित्येक आठवडे रोखून धरले, कारण त्याला तुर्कस्तानवर निर्बंध हवे होते. मिन्स्कमधल्या लाठ्यांचा भूमध्य समुद्रातल्या वायूच्या खोदकामाशी काय संबंध? दुखणे एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, यालाच मी सौदेबाजी म्हणतो.

तिला उतारा म्हणून आता महासंघाच्या करारातले कलम १२२ वापरात आले आहे. हे कलम आहे पुरवठ्याच्या टंचाईसाठी आणि आर्थिक संकटासाठी. त्यात नकाराधिकार नाही, बहुमत पुरते. त्याच्याच आधारे मे २०२५ मध्ये शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर झाली. डिसेंबरमध्ये रशियाची सुमारे २१० अब्ज युरोंची गोठवलेली मालमत्ता त्याच कलमाने बेमुदत गोठवली. एरवी दर सहा महिन्यांनी सत्तावीस होकार गोळा करावे लागत.

हेतू चांगला आहे, पण टंचाईच्या कलमातून संरक्षण धोरण चालवणे मला पटत नाही. उद्या हेच दार कोणीही, कशासाठीही वापरील. नकाराधिकार सरसकट काढा, ही ब्रसेल्समधली लाडकी मागणीही पटत नाही. जर्मन सैनिक सशस्त्र मोहिमेवर पाठवायचा तर बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते, आणि ती लागलीच पाहिजे. शवपेटी ब्रसेल्सला जात नाही. निर्बंध आणि निषेधाची पत्रके मात्र बहुमताने ठरावीत. लिस्बन करारात, लष्करी बाबी वगळून, तशी मुभा आहे. मेख एवढीच की एकमताचा नियम सोडायलाही एकमतच लागते.

आणि होकार मिळाला तरी पुढे जहाजे लागतात. २००८ पासून सोमालियाजवळ चाच्यांविरुद्ध महासंघाची ‘अटलांटा’ मोहीम चालू आहे. तिला सगळ्यांची संमती सहज मिळाली, कारण चाच्यांचा सत्ताविसांत कोणी सोयरा नव्हता. पण नौका द्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि दिलीच तर तिचा खर्चही बहुतांशी त्यानेच सोसायचा. ऑर्बान कॉफीला गेले त्याच १४ डिसेंबरला सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. झेंडा माल्टाचा, मालकी बल्गेरियाची, म्हणजे दोन्हीकडून महासंघाचेच. ‘अटलांटा’ने पाळत ठेवली. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ आणि आपल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी चाळीस तासांच्या कारवाईत सतरा खलाशी सोडवले. शरण आलेले पस्तीस चाचे २३ मार्चला मुंबईत उतरवले गेले, आणि गुन्हा नोंदला गेला आपल्या यलो गेट पोलीस ठाण्यात.