वार्ता आणि तिचा व्यापार

संस्कृतांत 'वार्ता' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बातमी हा पहिला अर्थ सर्वांस ठाऊक आहे. दुसरा आज बहुतेक विसरला गेला आहे. कौटिल्यानें ज्या चार विद्या सांगितल्या, त्यांत आन्वीक्षिकी, त्रयी व दण्डनीति यांच्या जोडीस 'वार्ता' ही एक विद्या आहे आणि तेथें तिचा अर्थ शेती, पशुपालन व वाणिज्य, म्हणजे उपजीविकेचें शास्त्र, असा आहे. हे दोन्ही अर्थ आज घरोघर मोबाइलच्या कांचेवर पुन्हा एकत्र आले आहेत. सेवानिवृत्त वडील सकाळीं सव्वानऊ वाजतां बाजार उघडण्याची वाट पाहत बसतात आणि चिरंजीव कचेरींतील मधल्या सुटींत डबा उघडण्यापूर्वीं भाव उघडून पाहतात. हे भाव व या वार्ता पुरविणाऱ्या दुकानांविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. दुकानदार पारखल्यावांचून माल घेऊं नये, हें आपल्या घरांतील गृहिणींस जितकें कळतें तितकें पुरुषांस कळत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

बाजारवार्ता विकण्याचा धंदा आजकालचा नव्हे. १८५० सालीं आखेन व ब्रसेल्स या दोन शहरांच्या दरम्यान तारयंत्राची ओळ जोडलेली नव्हती. पॉल ज्यूलियस रॉयटर नामक जर्मन गृहस्थानें ती तूट पारव्यांकरवीं भरून काढली. शेअरांचे भाव आगगाडीच्या आधीं पोंचवावयाचे आणि त्या घाईचें मोल घ्यावयाचें, हा त्याचा व्यवसाय. पुढच्याच वर्षीं त्यानें लंडनास कचेरी थाटली, आणि १८६६ सालीं त्याच्या संस्थेचा माणूस मुंबईस येऊन बसला.

वार्तेचें मोल काय असतें, हें आमच्या नागपूर-वऱ्हाडच्या मुलुखास त्याच सुमारास कळून चुकलें होतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इकडील कापसाचे भाव गगनास भिडले. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धुरीणांच्या पुढाकारानें समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि त्याच वर्षीं १ जुलै रोजीं वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ येतांच मोठमोठीं घराणीं धुळीस मिळालीं. या पडझडीचा तडाखा टाटा घराण्यासही बसला होता. त्याच घराण्यांतील जमशेटजींनीं पुढें कापसाच्या मुलुखांत, म्हणजे नागपुरास, १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आतां राहिली नाहीं. तथापि शंभरांहून अधिक वर्षें तिनें सहस्रावधि कुटुंबांस अन्न दिलें. भावाकडे पाहत बसणें आणि व्यवसायांत भांडवल घालणें यांतील अंतर दाखविण्यास नागपूरकरांस दुसरें उदाहरण नको.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. १९९४ सालीं राष्ट्रीय शेअरबाजारांत व १९९५ सालीं मुंबईच्या जुन्या बाजारांत संगणकावर सौदे होऊं लागले. १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें. १९९६ पासून कागदी शेअरांच्या जागीं डीमॅट खातें आलें, आणि २००० सालीं इंटरनेटवरून सौदे करण्यास सेबीनें परवानगी दिली. या सहा वर्षांत पूर्वींची सारी व्यवस्था पालटली. दलालाच्या पेढीवर जाऊन विचारावा लागणारा भाव घरबसल्या व फुकट दिसूं लागला.

याच संधिकाळांत, १९९९ सालीं, मुंबईस 'मनीकंट्रोल' ही संस्था निघाली. कंपन्यांचे ताळेबंद, म्युच्युअल फंडांचे भाव व दिवसभराच्या बाजारवार्ता ती विनामूल्य दाखवीत असे, आणि वाचकानें आपल्या शेअरांची यादी तेथें टिपून ठेविली कीं मिळकतीचें त्या घटकेचें मोल त्यास आयतें दिसे. थोड्याच अवधींत ती टीव्ही-एटीन या कंपनीच्या हातीं गेली. २०१४ सालीं त्या संपूर्ण नेटवर्क-एटीन समूहावर रिलायन्सचा ताबा आला, आणि २०१९ सालीं पैसे भरून वाचावयाची निराळी आवृत्ति निघाली. रिलायन्सविषयींच्या वृत्तांखालीं 'आमचा समूह ज्या न्यासाच्या ताब्यांत आहे त्याचा लाभ रिलायन्सकडे जातो' अशा आशयाची टीप ही संस्था छापीत आली आहे. ही रीत योग्य आहे; परंतु ती टीप वाचण्याचें काम मात्र वाचकाचें आहे.

दुसरें उदाहरण 'इंडिया इन्फोलाइन'चें घ्या. १९९५ सालीं ही संस्था कंपन्यांचा अभ्यास करून अहवाल विकणारी म्हणून सुरू झाली. १९९९ सालीं तिनें तेच अहवाल इंटरनेटवर सर्वांस खुले केले, आणि दुसऱ्याच वर्षीं ती शेअरांची दलाली करूं लागली. यांत लबाडी कांहीं नाहीं. उसाचा रस फुकट पाजणारा बहुधा गूळ विकत असतो, इतकेंच लक्षांत ठेवावयाचें.

तेव्हां या दुकानांचें उत्पन्न कोठून येतें, हें नीट ध्यानीं घ्यावें. जाहिराती हा पहिला झरा. त्यांत, जितके डोळे पानावर टेकतील तितका पैसा. वर्गणी हा दुसरा. कर्ज, विमा, ठेवी व डीमॅट खातीं विकणारांस गिऱ्हाईक मिळवून देणें हा तिसरा. आणि दुकानदार स्वतःच दलाल असेल तर प्रत्येक सौद्यावरील दलाली हा चौथा. यांपैकीं वर्गणी सोडली, तर बाकी तिहींचा लाभ आपण वारंवार पाहण्यांत व वारंवार हालचाल करण्यांत आहे. आपला लाभ कशांत आहे? सेबीनें आर्थिक वर्ष २०२२-२३ चा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत एकाच दिवसांत घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सात तोट्यांत आढळल्या. वर्षांत पांचशेंहून अधिक सौदे करणारांत हेंच प्रमाण शेंकडा ८० वर गेलें. फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या वायदेबाजाराची कथा याहून भयंकर आहे. २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत त्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांनीं पैसा गमाविला, आणि सर्वांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

हे आंकडे वाचून 'तें इतरांचें' असें म्हणणारे पुष्कळ असतात. आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं निवृत्तीच्या वेळीं एकरकमी मिळालेली रक्कम अशीच वायद्यांत घालविली. ते जुगारी नव्हेत, व्यसनी नव्हेत. सकाळ-सायंकाळ नेमानें बाजारवार्ता वाचणारे अभ्यासू गृहस्थ आहेत. घरीं ही गोष्ट कळली ती नातीच्या कॉलेजचें शुल्क भरण्याकरितां मुदतठेव मोडावयास गेल्यावर. ठेव आधींच मोडलेली होती! पैसा गेला त्याचें दुःख होतेंच. परंतु आठ महिने एकाच छपराखालीं राहून कोणास कांहीं कळलें नाहीं, हें त्या माउलीस अधिक लागलें.

आमच्या मतें खरी गोष्ट येथेंच आहे. पूर्वीं घरच्या पैशाची चोपडी फळीवर असे. सुनेपासून आजोबांपर्यंत कोणीही ती उघडून पाहावी. मोबाइल ही एकट्याची चोपडी झाली आहे, आणि तिच्यावर कुलूप आहे. बाजारवार्ता वाचूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास कंपनीचा ताळेबंद वाचतां येतो त्यास आज जी सामग्री विनामूल्य मिळते, ती आमच्या पिढीस तरुणपणीं पैसे मोजूनही मिळाली नसती. वाचतांना विवेक मात्र हवा. कंपनीनें स्वतः बाजारास कळविलेली गोष्ट, बातमीदारानें मिळविलेली गोष्ट, तज्ज्ञाचें मत आणि जाहिरात या चार निरनिराळ्या वस्तु आहेत. पहिली दोन्ही शेअरबाजारांच्या संकेतस्थळांवर मुळांतून वाचतां येते. तिसरीविषयीं सल्लागाराची सेबीकडे नोंद आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि असली तरी सावध असावें. टीव्हीवर ज्या शेअरांची शिफारस व्हावयाची, ते आधींच घेऊन ठेवून मागाहून विकल्याच्या आरोपावरून २०२१ व २०२४ सालीं सेबीनें कित्येकांविरुद्ध अंतरिम आदेश काढले होते.

आणि एक नेम घरांत घालावा. महिन्याच्या पहिल्या रविवारीं, जेवणें आटोपल्यावर, घरांतील कर्त्या माणसानें सर्वांच्या देखत आपलें डीमॅट व बँकेचें खातें उघडून दाखवावें, तरुणांनींही दाखवावें. कोणीं काय घेतलें, कां घेतलें, कोणाच्या सांगण्यावरून घेतलें, एवढें मोठ्यानें सांगावें. जो सौदा पत्नीसमोर अगर आईसमोर सांगतांना जीभ अडखळते, तो करूं नये. यास एक पैसा लागत नाहीं, अर्धा तास लागतो. आणि त्या अर्ध्या तासांत बायकामाणसांनीं विचारलेल्या साध्या प्रश्नांनीं जेवढी मिळकत वांचेल, तेवढी कोणत्याही तज्ज्ञाच्या शिफारशीनें वाढेल असें आम्हांस वाटत नाहीं.