भाड्याच्या खोलीची फरशी : दर नव्हे, आयुष्य पाहा

भिवंडीत ज्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहतात, तो एक तर माग वाढवतो, नाही तर भाड्याने देण्यासाठी खोली घेतो. माग घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारे आमचे व्यापारी बांधव खोलीची फरशी मात्र दर आणि चमक पाहून पसंत करतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक. ग्रे कापड आम्ही रीड, पिक आणि वजन पाहून घेतो. फरशीलाही हाच न्याय लावला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे एकेका खोलीत पाच-सहा कारागीर पाळीपाळीने राहतात. पायाला मागाचे तेल असते, लोखंडी पेट्या ओढल्या जातात, मोरीचे पाणी पसरते. अशा खोलीत स्वस्त सिरॅमिक टाइल टिकत नाही. तिचा रंग वरच्या पातळ थरातच असतो. तो झिजला की खालची माती दिसू लागते. डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइलमध्ये रंगाचा थर जाड असतो आणि ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. राजस्थानचा कोटा दिसायला साधा, पण मजबूत. झिजला तर पुन्हा पॉलिश करता येतो. मात्र कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर अ‍ॅसिड ओतले की पृष्ठभाग कायमचा खराब होतो. व्हिनाइल स्वस्त आणि हलके, पण तळमजल्यावर पावसाळ्यात ओल धरते व उखडते. मोरीत आणि संडासात गुळगुळीत टाइल लावूच नये. तिथे खरखरीत टाइल आणि योग्य उतार हवा.

दोन गोष्टी खर्चाविना साधतात. टाइल बसवल्यावर नाण्याने ठोकून पाहावी; पोकळ आवाज आला तर तिथेच काढून पुन्हा बसवून घ्यावी, नाही तर पलंगाच्या पायाखाली ती फुटणारच. आणि एक पेटी जादा घेऊन ठेवावी. कापडाप्रमाणे टाइलचाही लॉट बदलला की रंग जुळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. तोडफोड वाचवण्यासाठी जुन्या फरशीवरच मसाला टाकून नवी टाइल बसवण्याची पद्धत आहे. दीड इंच मसाला आणि टाइल मिळून चौरस फुटाला सुमारे ९ किलो वजन वाढते. १० बाय १२ च्या खोलीत हे एक टनाहून अधिक झाले. राहत्या खोलीचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस फुटाला साधारण १९ किलो धरून आखतात. म्हणजे त्यातला जवळपास निम्मा भार आपण फरशीतच संपवतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून जवळपास चाळीस जीव गेले. ती का पडली, हा आमचा विषय नाही. पण जुन्या इमारतीवर वजन चढवण्यापूर्वी ती रात्र आठवावी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. इंजिनियरला विचारल्याशिवाय दुसरा थर नको. जुना मोझेक शाबूत असेल तर पॉलिश करून घ्यावा. तेच स्वस्त आणि तेच सुरक्षित.

शेवटी घरमालकांना एक विनंती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. वापराने झिजलेल्या फरशीचे पैसे गरीब कारागिराच्या डिपॉझिटमधून कापणे हा इन्साफ नव्हे. त्याने टाइल फोडली असेल तर जरूर घ्या. आपण कच्चा माल लावला असेल तर तो तोटा आपला. फरशीवर एकदाच नीट खर्च करा, म्हणजे दर वर्षी ना गवंडी शोधावा लागेल, ना भाडेकरूशी भांडावे लागेल.