'लेट इट बी' : पूर्णविराम कोणी द्यायचा?

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आम्ही मराठी साहित्याचे अध्यापक आहोत. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या समीक्षेचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक अनुभव आम्हांला वारंवार येतो. कोणत्याही कृतीचा एक मूळ, निर्भेळ पाठ कुठेतरी शाबूत असतो, नंतरच्या हातांनी त्यावर चढवलेली पुटे खरवडून काढली की तो सापडतो, अशी विद्यार्थ्यांची (आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकीही काहींची) ठाम समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासाठी बीटल्स या इंग्रज चौकडीच्या 'लेट इट बी' या अल्बमच्या निर्मितीइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे आढळलेले नाही. येथे कर्ते चार, संपादक अनेक, आणि पुराव्यादाखल जवळजवळ प्रत्येक दिवसाचे चित्रण व ध्वनिमुद्रण उपलब्ध! एवढी साधनसामग्री आपल्याकडील कोणत्या ग्रंथाच्या अभ्यासकाला लाभली आहे?

प्रथम घटनाक्रम पाहू. 2 जानेवारी 1969 रोजी जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे लंडनच्या ट्विकनहॅम येथील चित्रपट-स्टुडिओत जमले. नवी गाणी रचायची, त्यांची तालीम करायची, ती प्रेक्षकांपुढे प्रत्यक्ष सादर करायची आणि या सगळ्याचे चित्रण करायचे, असा बेत होता. ध्वनिमुद्रणावर मागाहून संस्कार करायचे नाहीत, चौघे एकत्र वाजवतील तेच खरे, हा या प्रयोगाचा दंडक. रिंगोला फेब्रुवारीत एका चित्रपटाचे काम सुरू करायचे असल्याने हाती महिनाभराचाच अवधी होता. प्रयोग कोठे करायचा हे मात्र ठरलेले नव्हते; लिबियातील प्राचीन रोमन रंगमंडलापर्यंत सूचना येऊन गेल्या.

या बेतात अडचणीची बीजे आधीच होती. त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन 1967च्या ऑगस्टमध्ये निवर्तले होते. तेव्हापासून 'आता हे करायचे' असे सांगणारे वडीलधारे माणूस उरले नव्हते. ती जागा मॅकार्टनी भरून काढू पाहत होते. पण बरोबरीच्याने वडीलकी केली की ती जाचक वाटते, हा कोणत्याही एकत्र कुटुंबातला अनुभव येथेही आला. 6 जानेवारीला गिटारच्या वादनावरून मॅकार्टनी आणि हॅरिसन यांच्यात खटका उडाला. 10 जानेवारीला दुपारच्या सुमारास हॅरिसन बँड सोडून निघून गेले. 12 तारखेला रिंगोच्या घरी झालेली समेटाची बैठक फिसकटली. 15च्या बैठकीत तोडगा निघाला. परदेशातील प्रयोगाची कल्पना सोडून द्यायची आणि ट्विकनहॅमचा मुक्काम हलवायचा, या अटींवर हॅरिसन परतले. 21 जानेवारीपासून सॅव्हिल रो येथील 'ॲपल'च्या कार्यालयातील तळघरात काम सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी बिली प्रेस्टन हे जुन्या ओळखीचे अमेरिकन कीबोर्डवादक त्यांना येऊन मिळाले. घरात पाहुणा आला की भांडणारे भाऊही नीट बसून जेवतात; तसेच काहीसे झाले. 30 जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर सुमारे 42 मिनिटांचा तो प्रसिद्ध कार्यक्रम झाला, आणि 31 तारखेला उरलेल्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण उरकून हे सत्र संपले.

येथवरची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते, आणि ती 'विघटनाची शोककथा' म्हणूनच सांगितली जाते. या प्रतिमेचे श्रेय मायकेल लिंडसे-हॉग यांच्या 'लेट इट बी' या चित्रपटाला दिले जाते. तो 1970च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. मॅकार्टनी बँडमधून बाहेर पडल्याची बातमी 10 एप्रिलला जगजाहीर झाली होती. प्रेक्षक चित्रपटगृहात गेले ते सुतकी मनाने. आता गंमत अशी, की सुमारे ऐंशी मिनिटांच्या या चित्रपटात हॅरिसन निघून गेल्याचा साधा उल्लेखही नाही! महिन्यातली सर्वांत क्लेशकारक घटना गाळूनही चित्रपट क्लेशकारक ठरला. तेव्हा ते दुःख पडद्यावर कितीसे होते आणि पाहणाऱ्याने सोबत आणलेले कितीसे होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वाचकाच्या अपेक्षाक्षितिजाविषयी आपण वर्गात जे सिद्धान्त सांगतो, त्यांना याहून चांगला दाखला कोणता?

पुढे 2021 मध्ये पीटर जॅक्सन यांनी त्याच सामग्रीतून, म्हणजे सुमारे 60 तासांचे चित्रण आणि 150 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण यांतून, 'गेट बॅक' ही जवळजवळ आठ तासांची तीन भागांची मालिका सिद्ध केली. तीत हॅरिसनचे जाणे आहे, फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनने टिपलेले लेनन-मॅकार्टनी यांचे खासगी संभाषणही आहे. म्हणजे कटू भाग पूर्वीपेक्षा अधिकच आहे. तरीही ती पाहून लोक म्हणाले, 'अरे, हे तर मजेत होते!' कारण तीत आळसावलेल्या सकाळी मॅकार्टनी बास गिटारवर काहीतरी खरडत बसतात आणि आपल्या डोळ्यांदेखत 'गेट बॅक' आकाराला येते. हॅरिसन पियानोपाशी बसून रिंगोला त्याचे अर्धवट गाणे पुढे न्यायला मदत करतात. 'समथिंग'मधली एक जागा हॅरिसनना सुचत नाही तेव्हा लेनन सांगतात, की खरा शब्द येईपर्यंत तोंडाला येईल ते, अगदी एखाद्या भाजीचे नाव घालून गात राहा. कवितेची कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाने ही दृश्ये पाहावीत असे आम्हांला वाटते.

तथापि दुसरा चित्रपट खरा म्हणून पहिला खोटा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. साठ तासांतून आठ तास निवडणे हेही संपादनच आहे. पहिल्या संपादनावर विभक्तीची छाया होती, दुसऱ्यावर अर्धशतकानंतरच्या जिव्हाळ्याची. पहिला चित्रपट कित्येक दशके अधिकृतपणे पाहायलाच मिळत नव्हता. 2024च्या मे महिन्यात तो पुन्हा उपलब्ध झाला, हे बरेच झाले. आता दोन्ही पाठ समोरासमोर ठेवता येतात.

कच्च्या खर्ड्याला अंतिम पाठ मानण्याचा धोका किती गंभीर असतो, याचाही एक नमुना याच महिन्यात सापडतो. 'गेट बॅक' घडत असताना काही दिवस त्यात ब्रिटनमधल्या पाकिस्तानी स्थलांतरितांविषयीचे उल्लेख होते. 1968 मध्ये इनॉक पॉवेल यांनी केलेल्या स्थलांतरितविरोधी भाषणाने तेथील वातावरण तापलेले होते. त्या विखाराची खिल्ली उडवण्याचा तो प्रयत्न होता. तो जमेना, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. पुढे चोरट्या ध्वनिमुद्रिकांतून हा खर्डा बाहेर आला आणि ज्यांनी वंशद्वेषाची टर उडवली त्यांच्यावरच वंशद्वेषाचा आरोप झाला. कवीच्या टाकून दिलेल्या कागदांवरून कवीवर खटला भरू नये, एवढे तारतम्य समीक्षकाने ठेवायला हवे.

परंतु आमच्या मते या अल्बमचे खरे दुखणे जानेवारीतल्या भांडणांत नाही. भांडत-भांडतच त्यांनी गाणी रचली आणि गच्चीवर ती झोकात वाजवली. त्या दुपारच्या वादनातली तीन गाणी अल्बममध्ये आली. दुखणे सुरू झाले ते फेब्रुवारीत. एवढ्या ऐवजातून अल्बम तयार करायला कोणीच पुढे होईना. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्यावर ते काम सोपवण्यात आले. त्यांनी 1969 मध्ये एक संहिता सिद्ध केली. चुका, थट्टा, अर्धवट सुरुवाती यांसकट. मुखपृष्ठाचे छायाचित्रही काढून झाले. चौघांनी ती नाकारली. त्यांनी 1970च्या जानेवारीत दुसरी केली. तीही नाकारली गेली. दरम्यान याच चौघांनी 'ॲबी रोड' हा नवा अल्बम पूर्ण करून 1969च्या सप्टेंबरात प्रकाशितही केला. म्हणजे काम करण्याची शक्ती संपली होती असे म्हणता येत नाही. हे काम 'पूर्ण झाले' असे म्हणण्याची जबाबदारी मात्र कोणालाच नको होती.

1970च्या मार्चमध्ये ध्वनिफिती फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याच्या हाती गेल्या. त्यांनी 1 एप्रिलला 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'सह तीन गाण्यांवर वाद्यवृंद चढवला. त्या गाण्याला तर स्त्रियांच्या समूहस्वराची जोडही दिली. संस्कार न करण्याचा दंडक गेला. मॅकार्टनी संतापले. 14 एप्रिलला त्यांनी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांना पत्र लिहून बदल मागितले. ते झाले नाहीत, आणि 8 मे 1970 रोजी अल्बम बाजारात आला. भागीदारी मोडण्यासाठी वर्षअखेर त्यांनी लंडनच्या न्यायालयात जो दावा गुदरला, त्यात या ढवळाढवळीचाही दाखला दिला गेला. उलटपक्षी लेननचे मत असे, की कोणालाही हात लावावासा वाटत नव्हता अशा सामग्रीतून स्पेक्टरने काहीतरी उभे केले. लेनन आणि हॅरिसन या दोघांनीही आपल्या पुढच्या स्वतंत्र अल्बमसाठी स्पेक्टरलाच बोलावले, हे लक्षात घेतले पाहिजे. मग 'कर्त्याचा हेतू' म्हणून आपण कोणाचा हेतू प्रमाण मानायचा?

मॅकार्टनी यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये 'लेट इट बी... नेकेड' निघाला. नावाप्रमाणे येथे वस्त्रे उतरवून मूळ देह दाखवल्याचा दावा आहे. पण बारकाईने पाहावे, तर येथील 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' हे स्पेक्टरच्या पाठातील वाद्यवृंद वजा केलेले गाणे नाहीच. ते 31 जानेवारीचे निराळे वादन आहे. गच्चीवरची एक-दोन गाणी दोन वादने सांधून बेतलेली आहेत. गाण्यांमधली बोलणी, जी जॉन्स आणि स्पेक्टर या दोघांनीही राखली होती, ती येथे काढून टाकलेली आहेत. तेव्हा हा 'नग्न' पाठही शिवलेलाच आहे. शिंपी तेवढा वेगळा.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एकनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा मूळ कर्ता जवळजवळ तीन शतकांपूर्वीच समाधिस्थ झालेला होता. संपादकाच्या वाट्याला विनय आणि विवेक एवढीच साधने होती. 'लेट इट बी'चे कर्ते तर हयात होते, तरुण होते. तरी पाठ निश्चित होऊ शकला नाही. यावरून आम्ही असे म्हणू इच्छितो, की पाठाची अनिश्चितता काळाच्या अंतरातून येते तशीच ती कर्तृत्वाच्या आतूनही येते. जेथे हेतूच दुभंगलेला असतो, तेथे मूळ पाठ हरवलेला नसतो. तो कधी अस्तित्वातच आलेला नसतो.

याचा अर्थ सर्व पाठ सारखेच, असा कोणी घेऊ नये. आमच्यापैकी एकाला स्पेक्टरचा वाद्यवृंद असह्य होतो. दुसऱ्याच्या मते त्याविना ते गाणे उघडेबोडके वाटते. हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये अनेकदा झाला आहे आणि तो मिटावा अशी आमची इच्छाही नाही. अट एकच, की प्रत्येकाने आपली आवड 'मूळ' या शब्दाआड दडवू नये. ती आवड आहे, निर्णय आहे, असे उघडपणे म्हणावे आणि त्याची कारणे द्यावीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पाठात दुरुस्त होत नाही. त्या जानेवारीत हॅरिसन यांनी 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे आपले गाणे पुन्हा पुन्हा पुढे ठेवले. त्याच्या तालमी झाल्या, पण गाणे घेतले गेले नाही. पुढे 1970च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिकांच्या अल्बमला त्याच गाण्याचे नाव मिळाले. सामूहिक निर्मितीची किंमत भांडणांच्या आवाजावरून मोजण्याची आपली सवय आहे. ती शांतपणे बाजूला ठेवल्या गेलेल्या गाण्यांवरून मोजली, तर हिशेब अधिक खरा निघेल. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता हेच सुचवतो : कोणतीही संहिता हाती आली, की तिच्यात काय आहे हे पाहण्याइतकेच, काय घ्यायचे नाही हे कोणी ठरवले आणि 'झाले' असे कोण म्हणाले, याचा शोध घ्या. ज्याने पूर्णविराम दिला, तोही त्या कृतीचा एक कर्ता असतो, आणि जबाबदारही.