‘दावा खर्चासह मंजूर’ म्हणजे किती रुपये?

‘दावा खर्चासह मंजूर.’ निकालाचे हे तीन शब्द ऐकले की आपण पेढे आणायला निघतो. खर्च म्हणजे किती, तो कोणी मोजला, हे क्वचितच कोणी विचारते.

हुकूमनाम्याच्या शेवटी एक तक्ता असतो. दाव्यावरचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्सची बजावणी; एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी. वर्षानुवर्षे श्रीगोंद्याहून नगरला तारखेला येणाऱ्या माणसाचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, टायपिंग यांतले बहुतेक त्यात दिसत नाही. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०-अ मध्ये नोटीस, टायपिंग, कागदपत्रांची पाहणी, साक्षीदार आणणे हे खर्च नावानिशी दिले आहेत. २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर प्रवास आणि मुक्कामही धरा, खर्च प्रत्यक्षातला आणि वाजवी असावा, असे सांगितले. जिंकलेल्याला खर्च नाकारायचा तर कलम ३५ नुसार न्यायाधीशांना कारण लिहावे लागते. पण पावतीच नसेल तर कोर्टापुढे मांडायचे काय?

इंग्लंडमध्ये कोर्टखर्चाचा हिशेब मांडणे हा कायद्याने मान्य केलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत टॅक्सिंग मास्टर असतो. आपल्या तालुका कोर्टात पक्षकाराच्या बाजूने असा हिशेब ठेवणारे कोणी नाही, आणि माझ्या मते ही जागा आपल्या बी.कॉम. आणि एलएल.बी. झालेल्या मुलामुलींनी घ्यावी.

या जिल्ह्याला कोर्टाच्या कागदाचे ओझे नवे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांना सावकाराचे रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे हवे होते, जाळायला. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि दाव्याआधी समेट घडवणारे नेमले गेले. दावा, वकील, फिर्याद, तारीख, हुकूमनामा हे शब्द आपल्या घरातलेच आहेत म्हणा, पण त्यांचा हिशेब परकाच राहिला.

त्यातही सर्वांत जास्त तोटा बायकांचा होतो. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रीला कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळतो. तरीही मोहल्ल्यातली एखादी आपा पोटगीसाठी कानातले मोडते, कारण ‘कोर्टात लाख जातात’ असे कोणीतरी सांगितलेले असते. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हेही तिला कोणी सांगत नाही.

वकिलांवर माझा राग नाही. ते मेहनतीचे घेतात. पण निकालात मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यावर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, आणि अपघाताच्या भरपाईत हे सर्रास चालते. पहिल्याच भेटीत फी लेखी मागणे हा अविश्वास नव्हे. व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण तर आपल्याकडे लहानपणापासून आहे.

सुरुवातीला फार काही लागत नाही. जुम्म्यानंतर मशिदीच्या आवारात एक टेबल, प्रत्येक दाव्याची एक वही, पावत्यांचे पाकीट, आणि वर ठळक लिहिलेला विधी सेवेचा नंबर: १५१००.