पाना हाती घेण्यापूर्वी

जुनी स्पोर्ट्स गाडी विकत घेऊन ती 'पूर्ववत' करू पाहणाऱ्या नवशिक्यास एक सल्ला हमखास मिळतो : गाडी संपूर्ण सुटी करा, रंग खरवडून पत्रा उघडा पाडा आणि मग कामाला लागा. देणारे अनुभवी असल्याने तो शहाणपणाचाही वाटतो. आमच्या मते तो घातक आहे, आणि का घातक आहे हे समजण्यास यंत्रज्ञानाइतकीच पाठचिकित्सेची सवय उपयोगी पडते. मराठीच्या अध्यापकांनी मोटारीत नाक का खुपसावे, असे विचारणाऱ्यांस तूर्त एवढे उत्तर पुरे.

इंग्लंडमधील एमजीबीचेच उदाहरण घेऊ. ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात ही गाडी तयार झाली. संख्या पाच लाखांहून अधिक, सुटे भाग आजही मिळतात. त्यामुळे नवशिके बहुधा हिच्याकडेच वळतात. हिला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची काया हीच हिची हाडे. उघड्या टपाच्या गाडीत तर छताचाही आधार नसतो, त्यामुळे ताठपणाची भिस्त मुख्यत्वे दारांखालच्या पेटीवजा सिलवर असते. गंज नेमका तिथेच, आतून लागतो, आणि बाहेरून लांबी भरून व रंग मारून तो झाकलेला असतो. लोहचुंबक फिरवावा : जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा थर आहे. गाडी मागच्या बाजूने जॅकवर उचलावी : दाराची फट मिटू लागली तर सिलमध्ये जोर उरलेला नाही. या दोन्ही परीक्षांसाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. उलट, दाराच्या चौकटीत आधाराची दांडी न बसवता कुणी उत्साहाने सिल कापले, तर गाडी मध्येच खचते, नवे सिल त्या खचलेल्या आकारावर जोडले जाते, आणि पुढे कितीही महाग रंग दिला तरी दार नीट लागत नाही.

बॅटरीची गोष्ट याहून बोलकी आहे. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, त्यानंतर ऋण. परंतु जुन्या गाड्यांच्या अनेक मालकांनी मागाहून हा क्रम उलटा करून घेतला. म्हणजे केवळ निर्मितीचे साल पाहून भागत नाही. मधल्या हातांनी काय केले तेही वाचावे लागते. मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाची दुरुस्ती कोणती, हे एम.ए.च्या वर्गात आपण याहून निराळे काय शिकवतो?

यावर प्रतिपक्ष 'ओल्ड नंबर वन'चा दाखला देतो. 1929 आणि 1930 अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेल्या या बेंटलेचा अस्सलपणा 1990 साली लंडनच्या न्यायालयात वादाचा विषय झाला. 1929 च्या गाडीतील जवळजवळ काहीच तिच्यात उरले नव्हते. तरीही न्यायमूर्तींनी ती अस्सलच ठरविली. तर मग भाग बदलले म्हणून बिघडले काय, असा प्रश्न हे लोक विजयी मुद्रेने टाकतात. निकाल मात्र त्यांनी अर्धाच वाचलेला असतो. ती गाडी अस्सल ठरली, कारण तिचा इतिहास अखंड होता आणि कोणता बदल केव्हा झाला हे दाखविता येत होते. सुट्या केलेल्या गाडीचे नट-बोल्ट एकाच डब्यात ओतणारा नवशिका नेमका हाच पुरावा नष्ट करतो. गालिच्याखाली टिकलेला पहिला रंग, कुण्या मालकाने रेडिओसाठी पाडलेले भोक, दुसऱ्याने ओढलेली जादा वायर, हे सारे एका शनिवार-रविवारात नाहीसे होते.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडू पाहणाऱ्यांस बजावले. त्यांचे ऋण कोण नाकारील? तरीही त्यांनी कोणते पाठ बाजूस सारले याची यादी आपल्या हाती नाही; म्हणूनच राजवाडे 1909 साली एकनाथपूर्व म्हणून पोथी छापतात, तेव्हा वाद उभा राहतो आणि मिटत नाही. जिथे नाथांसारख्या अधिकारी पुरुषाच्या कामातही ही उणीव जाणवते, तिथे हौशी माणसाने निर्धास्त कशाच्या बळावर असावे? (आमच्या माहितीतील एका ग्रंथालयाने जुने दिवाळी अंक बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकल्या. बांधणी सुरेख आहे. अभ्यासकाच्या कामाचे आता त्यात फारसे उरलेले नाही.)

प्रत्येक गंजका तुकडा पुजावा, असे आम्ही म्हणत नाही. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या तत्काळ बदलाव्यात. तिथे भक्तिभाव जिवावर बेतेल. एमजीबीची कोरी काया 1988 पासून पुन्हा बनू लागली; जुनी खरोखरच संपली असेल तर तीही घ्यावी. पण बदलले हे लिहून ठेवावे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने 2012 साली स्वीकारलेल्या तुरिनच्या सनदेतही नोंदींचा आग्रह आहे. तेव्हा नवशिक्याची पहिली हत्यारे म्हणजे वही, कॅमेरा, चुंबक आणि कापडी पिशव्यांना बांधायच्या चिठ्ठ्या. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिनसुद्धा लगेच चालू करू नये; स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, थांबावे, मग हाताने फिरवून पाहावे.

'इतके लिहीत कोण बसतो?' असे आम्हांस विचारले जाते. गाडीला झगझगीत रंग देऊन ती 'अस्सल' म्हणून विकणाऱ्यास नोंदवही का नको असते, हे आम्ही समजू शकतो. ज्याला ती गाडी स्वतःच चालवायची आहे, त्याला ती का नको असावी, हे मात्र अद्याप कुणी आम्हांस सांगितलेले नाही.