शिकाऱ्याची तक्रार आणि जंगलातली शांतता

आपल्या मंडळातील अनेक घरांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तिकडून कधीकधी चिखल उडवत जंगलवाटेने धावणाऱ्या 'एटीव्ही' गाड्यांचे व्हिडिओ येतात. आम्हीही ते कौतुकाने पाहतो. पण याच गाड्यांवरून तिथे पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे, आणि तक्रार करणाऱ्यांत खुद्द शिकारीही आहेत, हे वाचून आम्हाला नवल वाटले.

आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. परवान्याचे शुल्क आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरील केंद्रीय कर, यांतून राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी पैसा मिळतो. स्वतःची जमीन नसलेला सामान्य शिकारी सरकारी जंगलात जातो. तो पहाटेपासून दबा धरून बसावा आणि शेजारून गाडी धडधडत जावी, म्हणजे त्याचा दिवस वाया गेला.

१९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनीवर अशा गाड्यांचे मार्ग वन्यप्राण्यांना कमीत कमी त्रास होईल असे ठरवावेत. २००५ च्या वनखात्याच्या नियमाने राष्ट्रीय वनांत नकाशावर दाखवलेल्या मार्गांवरच गाडी चालवण्याचे बंधन आले.

आवाजाने हरणे खरेच पळतात का? ओरेगन राज्यातील स्टार्की संशोधन वनात प्राण्यांना रेडिओ पट्टे बांधून हे तपासले गेले. एल्क हे मोठे हरीण पायी चालणाऱ्या माणसापेक्षा एटीव्हीपासून जास्त पळते, असे दिसले. म्यूल डिअर जातीची हरणे मात्र फारशी हलली नाहीत. म्हणजे 'गाडी आली, हरणे गेली' हे सरसकट खरे नाही. पण वर्दळीला कंटाळलेले एल्क शेजारच्या खासगी जमिनीत शिरले, तर तिथे सामान्य शिकाऱ्याला प्रवेश नसतो. नुकसान होते ते त्याचेच.

दुसरी बाजूही आहे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला किंवा अपंगाला जंगलात नेणारी गाडी हीच असते. मारलेले जड जनावर बाहेर काढायलाही ती लागते. २००५ च्या नियमात त्यासाठी मर्यादित सवलत ठेवता येते. गाडीला सरसकट विरोध करणेही म्हणूनच योग्य नव्हे.

हा प्रश्न आता पुन्हा तापणार आहे. सुमारे ५.८ कोटी एकर वनांत नवे रस्ते रोखणारा २००१ चा नियम रद्द करण्याचा इरादा अमेरिकी कृषी खात्याने जून २०२५ मध्ये जाहीर केला. रस्ते वाढले, की गाड्या आल्याच.

आम्हाला यात शिकारीपेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक जंगल हे सर्वांचे संयुक्त खाते आहे. त्यातली शांतता एकाने खर्च केली, तर ती बाकी सर्वांच्या नावेही खर्ची पडते. पावसाळ्यात आपणही आंबोलीकडे, खानापूरच्या जंगलाकडे गाड्या काढतो. तिथे बंदूक कोणाच्या हाती नसते, पण हॉर्न आणि गाणी असतातच. पुढच्या सहलीला निघताना तेवढी बंद ठेवू या.