हिरव्या दिव्यामागची धाव

१९२५ साली अमेरिकेत दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ आणि थिओडोर ड्रायझर यांची ‘अ‍ॅन अमेरिकन ट्रॅजेडी’. पहिल्या महायुद्धानंतर त्या देशात संपत्तीचा पूर आला होता आणि कष्ट करणाऱ्या कोणालाही शिखर गाठता येते, हा विश्वास दृढ झाला होता. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी १९३१ साली रूढ केला. परंतु त्या स्वप्नाची कठोर चिकित्सा या दोघांनी सहा वर्षे आधीच केली होती.

गॅट्सबी हा उत्तर डाकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा. बालपणी तो व्यायामाचे आणि अभ्यासाचे वेळापत्रक आखतो. मोठेपणी मात्र दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर श्रीमंत होतो. खाडीपलीकडच्या डेझीच्या धक्क्यावरील हिरवा दिवा हेच त्याचे ध्येय! पण पिढीजात श्रीमंतांचे दार त्याच्यासाठी उघडत नाही. डेझीच्या हातून घडलेल्या अपघाताचे प्रायश्चित्त त्याला प्राण देऊन भोगावे लागते आणि डेझी व तिचा पती टॉम नामानिराळे राहतात. ड्रायझर यांचा क्लाइड हा रस्त्यावर धर्मप्रवचन करणाऱ्या दांपत्याचा मुलगा. धनिक घराण्याशी सोयरीक जुळावी म्हणून तो आपल्यापासून गर्भवती असलेल्या कामगार तरुणीच्या हत्येचा बेत रचतो आणि अखेर विजेच्या खुर्चीवर त्याचा अंत होतो.

या शोकांतिकांचे मूळ महत्त्वाकांक्षेत आहे काय? आमच्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले आहे. दारिद्र्याचे गोडवे गायलेले नाहीत. मात्र अर्थ आणि काम यांना धर्माची मर्यादा घातली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा हेच सूत्र आधुनिक भाषेत सांगितले. ही मर्यादा सुटली की कर्तृत्ववान माणूस गॅट्सबी होतो आणि सत्ताधारी वर्ग टॉम होतो.

अमेरिकेच्या एका गुणाची नोंद मात्र घेतलीच पाहिजे. १९४० साली फिट्झगेराल्ड निधन पावले, तेव्हा ते जवळपास विस्मृतीत गेले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात हीच कादंबरी सैनिकांना वाटली गेली आणि आज ती तेथील शाळांतून शिकवली जाते. आपल्या स्वप्नावरची टीका मुलांच्या हाती देण्याचे धैर्य त्या समाजाने दाखवले.

आमच्या घरांतील असंख्य मुले-मुली बुद्धीच्या आणि परिश्रमाच्या बळावर त्या देशात गेली, याचा सार्थ अभिमान आहे. प्रश्न त्यांच्या जाण्याचा नाही. आम्ही कशाला यश म्हणतो, याचा आहे. गॅट्सबीच्या मेजवान्यांना शेकडो पाहुणे येत आणि यजमानाच्या पैशाविषयी कुजबुजत तृप्त होऊन परतत. अंत्ययात्रेला मात्र मोजकीच माणसे उरली. उत्सवाच्या व्यासपीठावर देणगीदाराला हार घालताना त्याचा पैसा कोठून आला, हे आपण तरी विचारतो काय? विवाह जुळवताना पगाराच्या आकड्यापुढे आपली चौकशी जाते काय? मुलांना ‘किती मिळवलेस’ या प्रश्नाबरोबरच ‘कसे मिळवलेस’ हेही विचारले जाईल, त्या घरात कर्तृत्व आणि संस्कार एकत्र नांदतील. ही सवय कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःच्या घरी लावून घ्यावी.